वन्संचा थोरला एक्स

विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर न देता दिवसभर फक्त खरं तेच बोलत राहणारी बाई अख्ख्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मिळून एकच आहे, आणि ती नेमकी माझी नणंद आहे. माझं नशीब, असं म्हणून उसासा टाकायचीही सोय नाही, कारण नशीब शब्द निघाला की वन्सं चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "नशीब न्हाय वैनी, चल. यादृच्छिक चल." म्हणजे कुठली किंमत घेईल ते आधी सांगता येत नाही असा गणितातला आकडा. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, "वन्सं, संध्याकाळी भाकरी किती खाणार?" साधा प्रश्न. कुठल्याही सुनेनं कुठल्याही नणंदेला विचारावा असा. त्यावर उत्तर आलं, "शून्य, एक, दोन किंवा तीन. दोनची शक्यता जास्त. शून्य आलं तर राग मानू नका, त्या दिवशी स्टँडवर वडापाव झालेला असंल." मला वाटलं, बाई टिंगल करतेय. बावीस वर्षं झाली, अजून एकदाही टिंगल केलेली नाही, हीच तर अडचण आहे.

आता माझा धंदा काय, तर शिलाई. जळोचीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आणि गळ्यात दिवसभर टेप. माझं सगळं आकड्यात. छाती छत्तीस म्हणजे छत्तीस, बाही दहा म्हणजे दहा. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर. त्यांचंही तसंच, काट्यावर येईल तो आकडा खरा, मग ट्रॅक्टरवाला कितीही बोंबलेना का. अशा दोन नेमक्या माणसांच्या घरात ही तिसरी. ब्लाउजचं माप घ्यायला गेलं की हात वर करून म्हणणार, "वैनी, छत्तीस अशी कधी नसतीच. छत्तीसच्या आसपास असती. टेप जरा ताणली की बदलली. हा मोजायचा चल हाय, गणायचा न्हाय." आजवर एकाही गिऱ्हाइकानं माझ्या टेपवर संशय घेतला नाही आणि घरच्या बाईनं घ्यावा! तोंडात टाचण्या धरलेल्या होत्या म्हणून, नाहीतर त्या दिवशी चांगलं ऐकवलं असतं. पुस्तकात या दोन प्रकारांना मोठमोठी नावं आहेत म्हणे, पण वन्संच्या तोंडी गणायचा आणि मोजायचा एवढंच. शेंगेतले दाणे गणायचे, बाही मोजायची.

कळंबच्या बाजूला एका शाळेत अकरावी-बारावीला त्या गणित शिकवायच्या. सकाळी बारामती स्टँडवरून एसटी, संध्याकाळी एसटीनंच परत, आणि येता-जाता मांडीवर एक वही. वहीच्या प्रत्येक पानावर वरती लिहिलेलं असायचं, 'एक्स म्हणजे', आणि पुढं काय वाट्टेल ते. एक्स म्हणजे आज एसटीत उभ्याउभ्या झोपलेली माणसं. एक्स म्हणजे कंडक्टर 'पुढं सरका' किती वेळा म्हणाला. एकदा त्या आंघोळीला गेल्यावर मी चोरून वही उघडली, तर एका पानावर लिहिलेलं, 'एक्स म्हणजे वैनी एका जेवणात मी म्हणून टिकले असं किती वेळा म्हणते.' खाली रोजचे आकडे. तीन, चार, तीन, सहा. सहाच्या दिवशी पाहुणे आले होते, ते मला आठवतं. मी मुकाट्यानं वही मिटली आणि त्या रात्रीच्या जेवणात तोंडातून तो शब्द काढला नाही. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, तर पुढची नोंद झालेली होती. 'शून्य. वही वाचली असावी.'

वर्गात नवा धडा सुरू करायच्या आदल्या रविवारी त्याची तालीम आमच्यावर व्हायची. आम्ही दोघं विहारातून वंदना करून आलो की वन्सं भाजक्या शेंगांचं ताट मध्ये ठेवून बसलेल्याच. प्रत्येकाच्या हातात एकेक शेंग द्यायची आणि लगेच ओरडायचं, "फोडू नका!" पहिल्या वर्षी मी दचकून शेंग खालीच टाकली होती. मग त्या ह्यांना विचारणार, "दादा, आत दाणं किती?" हे म्हणाले, "दोन." "बघितलं का?" "न्हाय." "मग दोन कसं म्हणता? शून्य असंल, एक असंल, दोन, तीन, लई झालं तर चार. जवर फोडली न्हाय तवर ह्या सगळ्या किमती आत बसल्यात. हा थोरला एक्स. आता फोडा." ह्यांनी फोडली, तीन निघाले. "हा धाकटा एक्स. तीन. आता ह्यात काय गंमत उरली न्हाय, खाऊन टाका." इंग्रजीतला मोठ्या लिपीतला एक्स तो थोरला आणि लहान लिपीतला तो धाकटा, अजून घडायचंय ते थोरलं आणि घडून गेलं ते धाकटं, हे मला फार नंतर समजलं. तेव्हा आपल्या शेंगेकडं बघत मी एवढंच विचारलं, "आणि दाणा खवट निघाला तर?" वन्सं एकदम ताठ होऊन बसल्या. "वा वैनी! ह्योच तर प्रश्न हाय. खवट हा आकडा न्हाय. मग त्याला आकडा लावायचा. खवट असंल तर एक, नसंल तर शून्य. निकालाला आकडा लावायचा नेम म्हंजी चल, दुसरं काय न्हाय." दहावीला गणितात पस्तीसावर सुटलेली मी. गणिताच्या बाबतीत कुणीतरी मला वा म्हणायची ती आयुष्यातली पहिली वेळ. माझी शेंग खरंच खवट निघाली, तरी मी ती आनंदानं गिळली.

ताटातली एक शेंग मात्र त्या कधीच फोडत नसत. माझ्या मशीनच्या वरच्या फळीवर एका वाटीत ती ठेवलेली असायची. हा आमच्या घरचा थोरला एक्स. हात लावायचा नाही, हलवून आवाज ऐकायचा नाही, उजेडात धरून बघायचं नाही. एकदा ऐन जेवणाच्या वेळेला पिंपळीहून माझ्या माहेरची माणसं येऊन टेकली आणि चटणीला शेंगा कमी पडल्या. मी काय करणार? फळीवरची शेंग सोलली आणि बाकीच्यांबरोबर कुटली. संध्याकाळी वन्संनी रिकामी वाटी पाहिली. "वैनी, दाणं किती हुतं?" "मला काय ठाऊक! घाई होती, गेलं उखळात." त्यांनी वाटी उलटी करून बघितली. "म्हंजी थोरला गेला आणि धाकटा कुणी बघितलाच न्हाय." असं म्हणाल्या की जणू मी घरातलं माणूस कुटलं! मीही तडकले. "चटणी कशी झालीय तेवढं सांगा." त्यावर मात्र त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, म्हणजे त्यांच्याच यादीतली सगळ्यात मोठी किंमत, आणि दुसऱ्या दिवशी वाटीत नवीन शेंग आली.

लग्नाचं म्हणाल तर एकदाच बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आत्यानं विचारलं, "मुलीला चपाती गोल येते का?" मी दारामागून हातानं खुणा करतेय, फक्त हो म्हणा, फक्त हो. वन्सं म्हणाल्या, "धा केल्या तर गोल किती व्हत्याल हा चल हाय. शून्यापासनं धापर्यंत कायबी येऊ शकतं. पण सहाच्या वर मी अजून बघितल्यालं न्हाय." मुलगा हसला, मला वाटतं त्याला त्या आवडल्याही असाव्यात. पण आत्याबाईंनी पदर सावरला. ते निरोप कळवतो म्हणून गेले ते गेलेच. सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून त्यांच्या वतीनं मीच चार दिवस अबोला धरला. वन्सं मला समजावायला आल्या. "वैनी, आत्तापोतर दोनच किमती हुत्या, व्हय आन् न्हाय. न्हाय आली. तुमी का रुसताय?" पुढं त्यांनीच तो विषय मिटवून टाकला आणि आम्हीही पुन्हा काढला नाही.

पण गावात त्यांना मान होता हं. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर करतात. दूध किती घ्यायचं यावर दरवर्षी तंटा, एका वर्षी खीर उरायची, एका वर्षी शेवटची रांग नुसत्या वाट्या घेऊन उभी. मग वन्संची वही बाहेर निघाली. मागच्या सगळ्या पौर्णिमांना किती माणसं आली ते आकडे त्यांनी टिपून ठेवलेले. बेरीज, गुणाकार, काय काय करून त्या म्हणाल्या, "अपेक्षित किंमत दोनशे चौदा पूर्णांक सहा." विहारातल्या खिरीचं बघणारे तात्या म्हणाले, "पूर्णांक सहा माणूस कुठनं आणायचा?" "तो येत न्हाय तात्या. अपेक्षित म्हंजी जे येणार ते न्हाय. लई पौर्णिमा धरल्या तर ज्याच्या आसपास जातंय ते." खीर पुरली आणि पातेल्याच्या तळाला दोन पळ्या उरली. त्या दोन पळ्या तात्यांनी वन्संच्या वाटीत घातल्या. "घ्या, तुमचा पूर्णांक सहा."

आता मुख्य गोष्ट. एकदा चाचणीत प्रश्न होता, यादृच्छिक चल म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा. एका मुलीनं लिहिलं, 'कुठं जायचं ते न ठरवता एकानं दुसऱ्याला चल म्हणणे, यास यादृच्छिक चल म्हणतात.' वन्सं तो पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या, हसून हसून डोळ्यांतून पाणी. मला वाटलं पोरीला भोपळा दिला असेल. "न्हाय वो, अर्धा मार्क दिला. निम्मं बरोबर हाय तिचं. कुठं जायचं ते ठरल्यालं नसतंय ह्ये खरंच की. फकस्त आकडा लावायचा ऱ्हायला." तो आकडा लावायला दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खा वर्ग शाळेच्या फाटकाबाहेर काढला आणि म्हणाल्या, "चल!" वाटेत लागणाऱ्या पहिल्या सहा फाट्यांवर एकेकदा नाणं उडवायचं, छापा आला तर उजवीकडं, काटा आला तर डावीकडं. एक्स म्हणजे सहांपैकी छापे किती. निघायच्या आधी प्रत्येकानं शून्यापासून सहापर्यंत सगळ्या किमती वहीत लिहायच्या. पुढची हकिकत मला वन्संनी सांगितली, शाळेच्या कमिटीतल्या आबांनी सांगितली आणि त्या मुलीनंही सांगितली. तिघांची तीन तऱ्हेची, म्हणून मी आपली सरासरी सांगते.

पाच फाटे झाल्यावर सगळी वरात एका उसाच्या बांधावर पोचली. तिथं हेच आबा पाटाचं पाणी वळवत उभे. "कुठं निघालाय रं?" पोरं एका सुरात म्हणाली, "ठरलं न्हाय आबा!" आबा वन्संकडं वळले. "बाई, शाळेच्या टायमाला पोरं घेऊन निघालाय आन् कुठं जायचं ते ठाऊक न्हाय?" वन्सं म्हणाल्या, "कुठं ते ठाऊक न्हाय आबा, पर कुठं कुठं पोचू शकतो त्याची यादी हाय." आबांनी यादी बघितली. मान हलवली. खोरं बांधावर ठेवून हात पुढं केला. "आणा हिकडं. सहाव्यांदा मी उडवतो." आणि आबांनी नाणं असं काही उडवलं की ते गेलं सरळ उभ्या उसात. मग काय, तास संपेपर्यंत पोरं, आबा आणि वन्सं सगळे उसाच्या सऱ्यांमधून वाकून वाकून फिरताहेत, आणि वन्सं मधूनच ओरडताहेत, "सापडंस्तवर थोरलाच हाय, कुणी आकडा लिहू नका!" नाणं काही सापडलं नाही. शाळेत हेडमास्तरांनी कानउघाडणी केली ती वेगळीच. पण पुढं बारावीच्या परीक्षेत त्या वर्गातलं एकही पोर त्या प्रश्नाला चुकलं नाही, आणि आबा दिसले की एवढंच विचारायचे, "बाई, छापा का काटा?" "अजून थोरलाच, आबा."

एवढं सगळं असूनही गणिताकडं येणारी पोरं कमी होत गेली. कुणी बारामतीला क्लास लावून गेलं, कुणाला गणित नकोच. मागच्या उन्हाळ्यात कमिटीनं सांगितलं, यंदा अकरावीला वीस पोरांनी गणित घेतलं तर विषय राहील, नाहीतर बंद, आणि बाई अतिरिक्त. मी विचारलं, "अतिरिक्त म्हणजे काय वो?" "भागाकार झाला वैनी, मी बाकी उरले. आता सरकार सांगंल त्या गावाला जायचं." इतक्या हसत म्हणाल्या की मला त्यांचा राग आला. मला त्यांनी जायला नको होतं. बावीस वर्षं जिच्या भाकरीचा आकडा लागला नाही म्हणून मी कपाळाला हात लावला, ती जाणार म्हटल्यावर माझं मशीनवर लक्ष लागेना, एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. वन्सं त्या पिवळ्या उन्हात कळंबात दारोदार फिरल्या. आबांनी नातवाला गणिताला घातलं, वर शेजारच्या दोघांना दम देऊन घातलं. मीही गप्प बसले नाही. पिंपळीला जाऊन भाचीला गाठलं. म्हटलं, रोज डबा मी करून देते, दोन ड्रेस शिवून देते, पण कळंबला जा आणि गणित घे. ती म्हणाली, "आत्या, मला बायोलॉजी घ्यायचंय आणि कळंब किती लांब आहे!" बरोबरच होतं पोरीचं. तरी मी तिला महिनाभर ड्रेस दिला नाही.

रोज संध्याकाळी मी दारातच विचारायची, "किती झाली?" त्या म्हणायच्या, "अजून थोरला हाय." अकरा झाली, चौदा झाली, मध्येच दोघं गळाली. शेवटच्या दिवशी त्या नेहमीच्या एसटीनं आल्या, पाय धुतले, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "सतरा." मी बोटांवर मोजलं, वीसाला तीन कमी. "सतरा आली वैनी. यादीत हुती. शून्यापासनं तीसपर्यंत लिवल्या हुत्या, त्यात सतरा हुती की." मग मला आवरेना. मी सरळ रडायलाच लागले, आणि ज्यांचा विषय गेला होता त्याच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

भोरच्या बाजूचं गाव मिळालं. जायच्या आधी मी चार ब्लाउज शिवायला घेतले, नव्या गावात हिला कोण शिवून देणार म्हणून. टेप लावली. त्यांनी हात वर केले. मी म्हटलं, "छत्तीस." नेहमीचं भाषण येईल म्हणून थांबले. त्या म्हणाल्या, "छत्तीस, वैनी. बरोब्बर छत्तीस. तुमची टेप कधी चुकत न्हाय." बावीस वर्षांत पहिल्यांदा या बाईनं सरळ उत्तर दिलं आणि तेही मला बरं वाटावं म्हणून. मी म्हणाले, "न्हाय वन्सं, आसपास." मग दोघींनाही हसू आलं आणि मी ते माप दोनदा घेतलं.

आता शनिवारी दुपारी मी फोन करते. "येताय का?" "शून्य किंवा एक," पलीकडून उत्तर येतं. "एसटी मिळाली तर एक. हिकडं खवट शेंगा लई मिळत्यात, मुलांना मजा येतीया." मी भाकरी तिघांच्या हिशेबानं थापते. कधी उरतात, सकाळी कुस्करून खातो. परवा रात्री जेवण झाल्यावर हे उगाच खोलीत फिरत होते, हात फळीकडं गेला, वाटीतली शेंग उचलली आणि फोडायला दोन्ही अंगठे लावले. मी मशीनवरून ओरडले, "फोडू नका!" हे दचकले. म्हणाले, "अगं, एक शेंग तर हाय." मी त्यांच्या हातातनं ती काढून घेतली आणि वाटीत परत ठेवली.

"असू द्या," म्हटलं. "वन्सं यायच्यात. अजून थोरला हाय तो."